चौदाशेंत एक: डोप केलेल्या ऑक्साइडमधला चार्ज क्ष-किरणांनी कसा शोधायचा

लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडच्या एका रासायनिक एककात किती इलेक्ट्रॉन असतात ते आधी मोजा. दोन लॅन्थॅनमचे ११४, एका तांब्याचे २९, चार ऑक्सिजनचे ३२. एकूण १७५. आता थोड्या लॅन्थॅनमच्या जागी बेरियम घाला (यालाच डोपिंग म्हणतात), इतकंच की दर आठ तांब्यांमागे एक इलेक्ट्रॉन कमी पडावा. म्हणजे साधारण चौदाशे इलेक्ट्रॉनांमागे एक होल, इलेक्ट्रॉन नसलेली रिकामी जागा. हा पदार्थ वीज वाहतो की नाही, चुंबकीय राहतो की अतिवाहक होतो, हे सगळं त्या एका होलवर ठरतं. क्ष-किरण मात्र चौदाशेच्या चौदाशे इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात.

या विषयात नव्याने येणाऱ्याने हे प्रमाण मनात कोरून ठेवावं. पुढे येणारी प्रत्येक पायरी, मग ती ऊर्जेची निवड असो, स्फटिक फोडणं असो की पार्श्वभूमी वजा करणं, त्या एकाला बाकीच्यांतून वेगळं काढण्यासाठीच असते. हे लक्षात असलं की उपकरणाची बटणं पाठ करावी लागत नाहीत.

आपण नक्की काय शोधतोय

१९८६ मध्ये बेडनॉर्ट्‌झ आणि म्युलर यांनी लॅन्थॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये उच्च तापमानाची अतिवाहकता शोधली. याच कुटुंबात एक विचित्र गोष्ट दिसते. डोपिंग वाढवत नेलं की अतिवाहकतेचं तापमान ३० केल्व्हिनच्या आसपास पोहोचतं, पण डोपिंग बरोबर एक-अष्टमांश झालं की ते काही केल्व्हिनपर्यंत कोसळतं. १९९५ मध्ये ट्रान्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी निओडिमियम घातलेल्या भावंड-पदार्थावर न्यूट्रॉन वापरून याचं चित्र दिलं: होल सगळीकडे सारखे पसरत नाहीत, ते पट्ट्यांत गोळा होतात. चार्जचा पट्टा दर चार एककांनी परत येतो, चुंबकीय रचना दर आठ एककांनी.

पण न्यूट्रॉनला चार्ज दिसत नाही. त्याला अणुकेंद्रकं दिसतात आणि स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व, दिसतो. पट्ट्यांमुळे अणू जागचे किंचित हलले, म्हणून न्यूट्रॉनला खूण मिळाली. खुद्द होल पाहायचे तर क्ष-किरण हवेत, आणि तेही नेमक्या ऊर्जेचे.

पहिली पायरी: ऊर्जा निवडा

अणूचा आतला इलेक्ट्रॉन उचलून रिकाम्या कक्षेत नेण्याइतकी ऊर्जा क्ष-किरणाला दिली की त्या अणूची विखुरण्याची ताकद एकदम बदलते. याला आपण रेझोनन्स म्हणू. सुंदर गोष्ट अशी की रिकामी कक्षा म्हणजेच होल. त्यामुळे रेझोनन्सवर गेलो की नेमका होल असलेला अणू मोठ्याने बोलतो.

ज्या ऊर्जेला हे शोषण अचानक वाढतं तिला कडा म्हणतात: सर्वांत आतल्या कक्षेची के, तिच्या बाहेरचीची एल. ऑक्सिजनची के-कडा ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे. संक्रमण धातूंच्या एल-३ कडा मँगॅनीजसाठी सुमारे ६४०, लोखंडासाठी ७०८, कोबाल्टसाठी ७७९, निकेलसाठी ८५३ आणि तांब्यासाठी ९३१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एल-कडेवर २पी मधला इलेक्ट्रॉन थेट ३डी मध्ये जातो, आणि ३डी हाच या पदार्थांचा खरा रंगमंच आहे. म्हणून मृदू क्ष-किरणांचा हा पट्टा आपल्या कामाचा.

कॉपर ऑक्साइडमध्ये डोप केलेला होल प्रामुख्याने ऑक्सिजनच्या २पी कक्षेत बसतो, तांब्यावर नाही. त्यामुळे ऑक्सिजनच्या कडेआधी, ५२९ च्या जरा खाली, डोपिंगबरोबर वाढत जाणारं एक छोटं शिखर दिसतं. ते होलचं शिखर. २००२ मध्ये अ‍ॅबमाँटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऊर्जा इथे जुळवली तर होलकडून येणारा विखुरण्याचा आयाम (विखुरलेल्या तरंगाची उंची) ८२ पट वाढतो. तीव्रता आयामाच्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणजे वाढ हजारपटीच्याही पुढे. चौदाशेंतला एक ऐकू यायला लागला तो इथे. २००५ मध्ये याच रीतीने एक-अष्टमांश डोपिंगच्या लॅन्थॅनम-बेरियम पदार्थात पट्ट्यांमधला होलचा चढउतार थेट पाहता आला.

निकेलेटवर, म्हणजे निकेलच्या ऑक्साइडवर, काम करणाऱ्यांनी एक खोड आधीच जाणून घ्यावी: लॅन्थॅनमची एम-४ कडा निकेलच्या एल-३ कडेला अगदी खेटून आहे. लॅन्थॅनम असलेला नमुना घेतला तर निकेलचं शिखर अर्धवट झाकलं जातं. तेव्हा एल-२ कडेवरही मोजमाप घ्या.

दुसरी पायरी: तिथे पोहोचता येतं का, ते कागदावर पाहा

ही पायरी वगळून थेट प्रयोगाला गेलेले लोक मी पाहिले आहेत. अर्धी शिफ्ट संपल्यावर त्यांना कळतं की हवा तो बिंदू भूमितीतच बसत नाही.

गणित सोपं आहे. १२,३९८ ला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेने भागा, तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये मिळते. तांब्याच्या कडेवर ती १३.३ अँगस्ट्रॉम येते, ऑक्सिजनच्या होल-शिखरावर २३.४. शिखर कुठे येतं ते विखुरताना किरणाच्या संवेगात होणाऱ्या बदलावरून मोजतात. पोहोचता येणारा सर्वांत मोठा संवेग-बदल म्हणजे ४π भागिले तरंगलांबी: तांब्यावर ०.९४, ऑक्सिजनवर ०.५४ प्रति अँगस्ट्रॉम. एकक पेशीची बाजू ३.७८ अँगस्ट्रॉम धरली तर रेसिप्रोकल लॅटिसचं, म्हणजे संवेग मोजायच्या जाळीचं, एक एकक (२π भागिले ही बाजू) १.६६ प्रति अँगस्ट्रॉम. म्हणजे तांब्यावर फार तर ०.५७ एककं, ऑक्सिजनवर ०.३२. डिटेक्टर अगदी १८० अंशांपर्यंत मागे नेता येत नाही. १५० अंश धरले तर ऑक्सिजनवर ०.३१ च उरतात.

दर चार पेशींनी परत येणारी लय साधारण पाव एककावर शिखर देते. लॅन्थॅनम-बेरियम पदार्थाचे पट्टे ०.२४ च्या आसपास असतात, तिथे ऑक्सिजनच्या कडेवर आरामात पोहोचता येतं. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा, म्हणजे वायबीसीओचा, चार्ज-क्रम (चार्जची नियमित लय) ०.३१ जवळ. तिथे ऑक्सिजनची कडा जवळजवळ हात टेकते आणि तांब्याची कडाच घ्यावी लागते. २०१२ मध्ये गिरिंगेल्ली आणि सहकाऱ्यांनी वायबीसीओमधला चार्ज-क्रम तांब्याच्या एल-३ कडेवरच दाखवला, हा योगायोग नव्हे.

तुमच्या पदार्थासाठी हे आकडे एका कागदावर लिहून प्रयोगाच्या खोलीत भिंतीवर चिकटवा. रात्री तीन वाजता फार उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: नमुना

चांगला एकस्फटिक किंवा पातळ थर. भुकटी इथे चालत नाही, कारण कमकुवत शिखर सगळ्या दिशांत वाटलं गेलं की उरतच नाही.

मृदू क्ष-किरण तांब्याच्या कडेवर पदार्थात एका मायक्रोमीटरचा दहावा भाग जेमतेम आत शिरतात. म्हणजे तुम्ही जे मोजता ते पृष्ठभागाजवळच्या थराचं. वाटेत हवाही चालत नाही, सगळं निर्वातात. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ हवा. शक्य असेल तिथे स्फटिकावर छोटा खांब चिकटवून निर्वातातच ढकलून ताजा पृष्ठभाग फोडतात. बिस्मथ असलेले कॉपर ऑक्साइड पापुद्र्यासारखे सहज फुटतात, लॅन्थॅनमवाले हट्टी असतात. ते निघण्याआधीच कापून घासून आणावेत.

डोपिंग कागदावर लिहिलं तेवढंच आहे असं समजू नका. त्याच स्फटिकाचा तुकडा घेऊन चुंबकीय मापनाने अतिवाहकतेचं तापमान काढा. ऑक्सिजनचं प्रमाण बदलून डोप केलेल्या पदार्थांत तर हे अनिवार्य. नमुना काही महिने पडून राहिला तरी आतला ऑक्सिजन जागा बदलू शकतो.

स्फटिकाच्या दिशा लाउए पद्धतीने (क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून) आधीच ठरवून नमुना धारकावर बसवा. मग बीमलाइनवर, म्हणजे सिंक्रोट्रॉन या मोठ्या क्ष-किरण यंत्राच्या प्रयोगशाखेवर, एक अडचण उभी राहते: तांब्याच्या कडेवर लॅन्थॅनमवाल्या पदार्थाचं एकही ओळखीचं ब्रॅग शिखर (अणूंच्या नियमित रांगांमुळे येणारं) पोहोचण्यात नसतं. ००२ (हे आकडे स्फटिकातल्या प्रतलांची नावं) सुद्धा अगदी थोडक्यात बाहेर पडतं. उपाय असा की ऊर्जा तात्पुरती १,८०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत वाढवायची. तिथे ००२ आणि १०१ दोन्ही सापडतात, त्यांच्यावरून दिशा पक्क्या करायच्या आणि मग परत खाली यायचं.

चौथी पायरी: आधी शोषण, मग विखुरणं

शिखर शोधायची घाई करू नका. आधी शोषणाचा वर्णपट घ्या. नमुन्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले तर वरच्या काही नॅनोमीटरची माहिती मिळते. फ्लुओरेसन्स (शोषणानंतर नमुना पुन्हा सोडतो ते क्ष-किरण) मोजलं तर खोलवरची, पण स्वतःच्याच शोषणाने थोडी वाकडी झालेली. दोन्ही घ्या. दोन्हींत होल-शिखर वेगळं दिसलं, तर पृष्ठभाग बिघडलेला आहे हे पहिल्याच तासात कळेल.

या वर्णपटाचा आणखी एक उपयोग आहे. मोनोक्रोमेटरचा (एकच ऊर्जा निवडणाऱ्या उपकरणाचा) ऊर्जा-आकडा एका बीमलाइनवरून दुसऱ्यावर अर्धा-एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकलेला असू शकतो, आणि होल-शिखराची रुंदी तेवढीच असते. दुसऱ्याच्या लेखातली ऊर्जा उचलून वापरू नका. तुमच्या नमुन्याच्या शोषणात शिखर जिथे आहे, तिथेच ऊर्जा लावा.

पाचवी पायरी: शिखर शोधणं

नेहमीची रीत अशी. डिटेक्टर मोठ्या कोनावर स्थिर ठेवायचा आणि नमुना फिरवायचा. याने संवेग-बदलाचा तांबं-ऑक्सिजनच्या प्रतलातला घटक बदलत जातो. त्याबरोबर उभा घटकही बदलतो, पण हे क्रम बहुधा थराथरांत एकमेकांशी सैल जोडलेले असतात, त्यामुळे उभ्या दिशेत शिखर लांबट पसरलेलं असतं आणि निसटत नाही.

पडद्यावर जे दिसेल त्याने पहिल्यांदा निराशा होते. फ्लुओरेसन्सचा एक मोठा तिरका उतार, आणि त्यावर कुठेतरी एक उंचवटा. अनेकदा तो उंचवटा उताराच्या काही टक्केच असतो. मला पहिल्या खेपेला तो दिसलाच नव्हता. शेजारी बसलेल्या अनुभवी सहकाऱ्याने आलेखावर पट्टी ठेवून दाखवला. डिटेक्टर ऊर्जा ओळखणारा असेल तर बरंचसं फ्लुओरेसन्स गाळता येतं. विखुरलेल्या किरणाची ऊर्जा बारकाईने मोजणाऱ्या रिक्स पद्धतीत तर लवचिक विखुरणं, म्हणजे ऊर्जा न बदलता झालेलं, पूर्ण वेगळं काढता येतं, फक्त मोजायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

सहावी पायरी: शिखराची उलटतपासणी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. योग्य जागी शिखर मिळालं म्हणजे चार्ज-क्रम मिळाला असं नाही. चौदाशेंतले बाकीचे तेराशे नव्व्याण्णव फसवायला टपलेलेच असतात.

पहिला फसवा म्हणजे उच्च हार्मोनिक. मोनोक्रोमेटरमधून मूळ ऊर्जेच्या दुप्पट, तिप्पट ऊर्जेचे किरणही थोडे निसटतात. तिप्पट ऊर्जेचा किरण १ या जागेवरच्या ब्रॅग शिखरावर आदळला तर ते शिखर तुम्हाला एक-तृतीयांशावर दिसतं. दुप्पट ऊर्जेचा असेल तर अर्ध्यावर. ही शिखरं टोकदार असतात, तापमानाने हलत नाहीत, आणि तुमच्या कडेवर ऊर्जा बदलली तरी त्यांना रेझोनन्स जाणवत नाही.

दुसरा फसवा जास्त चलाख आहे: ऑक्सिजनचा स्वतःचा क्रम. वायबीसीओमध्ये तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात आणि त्या कधी अर्ध्यावर, कधी एक-तृतीयांशावर, कधी तीन-अष्टमांशावर शिखर देतात. हे ०.३१ च्या किती जवळ आहे पाहा. इथे ऊर्जा मदतीला येते. साखळीतल्या तांब्याचा वर्णपट प्रतलातल्या तांब्याहून वेगळा असतो. शिखर कोणत्या ऊर्जेला फुलतं यावरून ते कोणत्या तांब्याचं हे ठरवता येतं. निकेलेटच्या इतिहासात याचं ताजं उदाहरण आहे. २०२२ मध्ये अनंत-थर निकेलेटमध्ये एक-तृतीयांशावर चार्ज-क्रम सापडल्याचे अहवाल आले. नंतर २०२४ मध्ये असं दाखवलं गेलं की नीट क्षपण केलेल्या, म्हणजे जादा ऑक्सिजन काढून टाकलेल्या, नमुन्यांत हे शिखर नाहीसं होतं आणि त्याचं मूळ रचनेत उरलेल्या, रांगेत बसलेल्या जादा ऑक्सिजनमध्ये आहे. उत्तम प्रयोगशाळांनाही या प्रश्नावर दोन वर्षं झगडावं लागलं, हे नवख्याने ध्यानात ठेवावं.

म्हणून प्रत्येक शिखराला हे प्रश्न विचारा. रेझोनन्सपासून पाच-दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाजूला गेल्यावर ते विझतं का? उणे बाजूलाही, म्हणजे उलट चिन्हाच्या जागीही, आहे का? प्रतलातल्या दुसऱ्या अक्षावर काय दिसतं, आणि कर्णावर? तापवल्यावर जातं का, आणि थंड केल्यावर परत येतं का?

ध्रुवणही बदलून पाहा. साधं चार्ज-विखुरणं किरणाचं ध्रुवण फिरवत नाही. सिग्मा ध्रुवणात (विद्युतक्षेत्र विखुरण्याच्या प्रतलाला लंब) ते पूर्ण ताकदीने येतं, पाय (π) ध्रुवणात (विद्युतक्षेत्र त्या प्रतलातच) विखुरण्याच्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने कमी होतं. चुंबकीय विखुरणं सिग्मातून सिग्मात कधीच येत नाही. विखुरलेल्या किरणाचं ध्रुवण तपासण्याची सोय असेल, तर चार्ज आणि स्पिन यांचा वाद तिथेच मिटतो.

सातवी पायरी: तापमान

लॅन्थॅनम-बेरियम पदार्थात एक-अष्टमांशावर पट्टे ५० केल्व्हिनच्या थोडं वर, रचनेतल्या बदलाबरोबरच, सुरू होतात. वायबीसीओमध्ये १५० केल्व्हिनच्या सुमारास शिखर वाढू लागतं, अतिवाहकता सुरू होते तिथे कळस गाठतं आणि त्याखाली कमी होतं. दोन क्रम एकमेकांशी स्पर्धा करतात हे या एका वक्ररेषेत दिसतं. २०१२ मध्येच चँग आणि सहकाऱ्यांनी १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कठीण क्ष-किरणांनी, १७ टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात, उलट बाजूने हेच दाखवलं: क्षेत्राने अतिवाहकता दडपली की चार्ज-क्रम वाढतो.

व्यवहारात दोन काळज्या. तापमान बदललं की नमुन्याचा धारक आकुंचतो किंवा प्रसरतो आणि किरण स्फटिकाच्या दुसऱ्याच जागेवर पडतो. दर तापमानाला नमुना परत मधोमध आणा. आणि थर्मामीटर जे दाखवतो ते धारकाचं तापमान, नमुन्याचं नव्हे. चिकटवणी खराब असेल तर फरक काही केल्व्हिनचाही पडतो.

आठवी पायरी: आकड्यांचा अर्थ

पार्श्वभूमी वजा करताना बहुतेक लोक उच्च तापमानाचं मापन घेऊन ते सरळ वजा करतात. सोयीचं आहे, पण त्यात एक गृहीत लपलेलं असतं: उच्च तापमानाला चार्जची काहीच लय उरत नाही. कॉपर ऑक्साइडमध्ये हे खरं नाही. नंतरच्या, जास्त संवेदनशील मापनांत रुंद, अल्पजीवी लय फार वरच्या तापमानापर्यंत सापडली. सरळ वजाबाकीने ती तुम्ही स्वतःच पुसून टाकता. माझं मत असं की वजाबाकी आणि बहुपदी उतार, दोन्ही रीतींनी आकडे काढावेत आणि त्यांतला फरक हीच आपली खरी अनिश्चितता मानावी.

रुंदीवरून सहसंबंध-लांबी मिळते, म्हणजे लय किती दूरपर्यंत टिकते ते. अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी रेसिप्रोकल एककांत घ्या, तिला π ने गुणा, आणि पेशीची बाजू त्याने भागा. वायबीसीओत रुंदी ०.०२ असेल तर ३.८५ भागिले ०.०६३, म्हणजे ६० अँगस्ट्रॉमच्या आसपास, सुमारे सोळा पेशी. व्याख्येत कुणी दोनचा घटक वेगळा धरतात. तुलना करण्याआधी समोरच्या लेखात कोणती व्याख्या आहे ते पाहा.

आता सगळ्यात नाजूक भाग. तांब्याच्या कडेवर शिखर आलं म्हणजे तांब्यावरचा चार्ज जागोजागी कमीजास्त आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नका. अणू किंचित हलले, किंवा त्यांच्या कक्षांची ऊर्जा जागोजागी थोडी सरकली, तरी रेझोनन्सवर तसंच शिखर येतं. स्थिर संवेगावर ऊर्जा बदलत शिखराचा आकार मोजा आणि शोषणाच्या वर्णपटावरून काढलेल्या प्रतिकृतींशी ताडून पाहा. कॉपर ऑक्साइडमध्ये अशा तपासणीत ऊर्जा सरकण्याचं चित्र चार्ज कमीजास्त होण्याच्या चित्रापेक्षा चांगलं जुळलं. मँगॅनीजच्या ऑक्साइडमध्येही हाच वाद आधी झाला होता: १९९८ मध्ये मुराकामी आणि सहकाऱ्यांनी मँगॅनीजच्या के-कडेवर, ६.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा वर, चार्ज आणि कक्षांचा क्रम दाखवला. पण के-कडेवर इलेक्ट्रॉन ४पी कक्षेत जातो, आणि त्याला ३डी मधल्या कक्षेपेक्षा भोवतालच्या ऑक्सिजनांचं सरकणं जास्त जाणवतं. म्हणून पुढे लोक एल-कडेकडे वळले.

बीमलाइनवर

बर्लिनचं बेसी-२, सास्काटूनचा कॅनेडियन लाइट सोर्स, ग्रेनोबलचं ईएसआरएफ अशा सिंक्रोट्रॉनवर या कामाची केंद्रं आहेत. वेळ अर्ज करून मिळतो. अर्जात दुसऱ्या पायरीचा हिशोब आणि नमुन्याचं चुंबकीय मापन जोडलेलं असेल तर परीक्षकाला कळतं की तुम्ही तयारीने येताय.

दर मापनाबरोबर ऊर्जा, ध्रुवण, तापमान, किरणाच्या वाटेतल्या फटींची रुंदी आणि नमुन्यावरची जागा हाताने वहीत लिहा. संगणक सगळं नोंदवतो, पण मापन का घेतलं हे नोंदवत नाही.

आणि शेवटचे दोन तास नव्या मापनाला देऊ नका. सर्वांत कमी तापमानाला परत या, पहिल्या दिवशी घेतलेलं मापन जसंच्या तसं पुन्हा घ्या आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. उंची जुळली तर तापमानाची वक्ररेषा खरी. जुळली नाही तर पृष्ठभाग मधल्या काळात बिघडला, किंवा किरण सरकला. मग त्या वक्ररेषेतली किती घसरण तापमानाची आणि किती नमुन्याची, हे ठरवायला तुमच्याकडे निदान एक आकडा असेल.